अंथरुणापासून खळ्यापर्यंत
छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचे लवकर बरे होणे : पिंगुळी येथील स्मृतिव्याख्यान



छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर माणूस बरा झाला असे कधी म्हणायचे? सर्जनच्या हिशेबी नळ्या निघाल्या की काम झाले, रुग्णालयाच्या दफ्तरी डिस्चार्जची तारीख पडली की, आणि घरच्यांच्या मते टाके सुकले की. कुडाळ, वेंगुर्ला, मालवण भागातला माणूस बायपाससाठी, हृदयाची झडप बदलण्यासाठी किंवा फुप्फुसाचा नासलेला भाग काढून टाकण्यासाठी गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला, बेळगावला नाहीतर थेट मुंबईला जातो. शस्त्रक्रिया होते, काही दिवसांनी तो गाडीत पाठीला उशी लावून घरी येतो आणि पुढचे दोन-तीन महिने ओटीवरच्या खाटेवर काढतो. या महिन्यांची नोंद कुठल्याही दफ्तरात नसते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना शोभेल असा विषय म्हणून मी हेच महिने निवडले. माझे म्हणणे एवढेच आहे, की छातीच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर उठणे, चालणे, खोकणे आणि जेवणे हा उपचाराचाच भाग आहे. हा उपचार रुग्णालयाच्या दारात थांबला, तर ‘लवकर बरे होणे’ याचा अर्थ फक्त ‘लवकर घरी पाठवणे’ एवढाच उरतो.

विश्रांतीवरचा आपला विश्वास जुना आहे, आणि छातीच्या आजारांत तर त्याला शास्त्राचीच मान्यता होती. क्षयावर औषध नव्हते तेव्हा पाचगणीचे बेल-एअर, मिरज-सांगलीजवळचे वानलेसवाडी अशी आरोग्यधामे उभी राहिली. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने अंथरूण हीच तिथली चिकित्सा होती. शरीराला विश्रांती पुरेना तेव्हा फुप्फुसालाही विश्रांती देण्याची कल्पना निघाली. छातीच्या पोकळीत हवा भरून फुप्फुस मिटवायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर बरगड्या काढून छातीची ती बाजूच खाली बसवायची. छातीच्या शस्त्रक्रियेचा एक मोठा अध्याय असा विश्रांतीच्या कल्पनेतूनच लिहिला गेला. पुढे स्ट्रेप्टोमायसीन, पॅस आणि आयसोनियाझिड आले, आणि १९५६ साली मद्रासमध्ये एक धाडसी प्रयोग सुरू झाला. १९३ क्षयरोग्यांना एकाच प्रकारची औषधे दिली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले आणि निम्म्यांना आरोग्यधामात, निम्म्यांना त्यांच्या गजबजलेल्या गरीब घरांत ठेवले. घरच्यांचे खाणे निकृष्ट होते, जागा अपुरी होती आणि विश्रांती तर जवळपास नव्हतीच. वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल बरोबरीचे निघाले. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. बरे करत होते औषध, आणि श्रेय मात्र अंथरुणाला जात होते. हे आपल्याच देशात सिद्ध झाले, हे आपण सहसा विसरतो.

अंथरूण निरुपयोगी असते तर एक वेळ चालले असते, पण ते अपायही करते. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज वैद्याने अंथरुणात पडून राहण्याचे धोके अवयवागणिक मोजून दाखवले होते. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षे वयाच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते असे दिसले. २००७ साली साठीपुढच्या निरोगी माणसांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात केवळ दहा दिवसांच्या अंथरुणाने पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. ही सगळी माणसे निरोगी होती. आपला रुग्ण शस्त्रक्रियेआधीच खंगलेला असतो. त्याचे वय साठीच्या पुढचे, रक्त कमी आणि भूक गेलेली. ‘उठू नकात, पडान रवा’ हे वाक्य त्याच्याभोवती अतिशय मायेने म्हटले जाते, आणि नेमके तेच त्याला परवडणारे नसते.

छातीच्या बाबतीत हा अपाय अधिक थेट असतो. पायाचे हाड मोडले तर तो भाग प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो. छातीची जखम मात्र मिनिटाला पंधरा-सोळा वेळा हलणारच. दुखते म्हणून माणूस आखूड श्वास घेतो. उताणा पडला की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. मिटलेल्या भागात कफ साठतो. तो बाहेर काढायला खोकावे लागते, खोकायला आधी दीर्घ श्वास घ्यावा लागतो, आणि दीर्घ श्वास घेतला की दुखते. हे चक्र दोन-तीन दिवस चालले की न्यूमोनियाला दार उघडे. म्हणून इथे वेदनाशमन ही निव्वळ दया नसते, ती फुप्फुसाची चिकित्साच असते. बरे, मॉर्फिनसारख्या औषधांवरच भिस्त ठेवावी तर वेदना थांबते, पण गुंगी येते, श्वास मंदावतो, आतडी थंडावतात आणि माणूस पुन्हा अंथरुणालाच खिळतो. यावरची तोड भूलतज्ज्ञांनी काढली. बरगडीची नस कण्याजवळून जिथे निघते, तिथेच बारीक नळीतून बधिरतेचे औषध सोडायचे आणि जोडीला साधी वेदनाशामके ठरल्या वेळी द्यायची. कळ उठण्याची वाट पाहायची नाही.

या सुट्या सुट्या गोष्टी एका सूत्रात ओवण्याचे श्रेय डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांना जाते. शस्त्रक्रियेने शरीरात उठणारे वादळ एखाद्या उपायाने शमत नाही, त्यासाठी अनेक छोटे उपाय एकत्र योजावे लागतात, हे त्यांनी १९९७ साली मांडले. सुरुवात आतड्यांच्या शस्त्रक्रियांपासून झाली. २०१९ साली युरोपातल्या छातीच्या सर्जनांच्या संस्थेने आणि ‘ईरास’ (शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होणे) सोसायटीने मिळून फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी ४५ शिफारशी छापल्या. त्यांतल्या बऱ्याचशा ऐकायला अगदी साध्या वाटतील. किमान चार आठवडे आधी बिडी-सिगारेट बंद. रक्त कमी असेल तर आधी भरून काढा. आदल्या रात्रीपासून कडक उपास नको, घन आहार सहा तास आधीपर्यंत आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. शक्य तिथे दुर्बिणीने, लहान छेदातून काम करा. छातीत एकच नळी ठेवा आणि कारण संपताच काढा. शिरेतून सलाइनचा मारा करू नका. लघवीची नळी सवय म्हणून घालू नका. आणि चोवीस तासांच्या आत रुग्णाला उठवा. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपणाऱ्या पिंगुळीच्या श्रोत्यांना यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको. कळसूत्री बाहुलीचा एकच दोरा ओढला तर हात वर जातो, बाहुली चालत नाही. वेदना न शमवता रुग्णाला उठवणे हा छळ होईल, आणि वेदना शमवून त्याला झोपवूनच ठेवले तर सगळा खटाटोप वाया जाईल.

हे उठवणे प्रत्यक्षात कसे असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाने आधी कुशीवर वळायचे, गुडघे दुमडायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि पायांच्या वजनाच्या आधाराने उठून बसायचे. छातीचे मधले हाड कापलेले असेल तर हात छातीशी आवळून, उशी कवटाळून. दोन मिनिटे पाय सोडून बसवायचे, चक्कर येते का पाहायचे आणि मग उभे करायचे. छातीतली नळी ज्या बाटलीत सोडलेली असते, ती बाटली चालताना छातीच्या पातळीखाली आणि सरळ धरायची. नळीला चिमटा लावायचा नाही, कारण आतली हवा कोंडली तर फुप्फुस दबते. श्वासाबरोबर बाटलीतल्या नळीतले पाणी वरखाली होते. ते पाहून नातेवाईक घाबरतात, पण नळी मोकळी असल्याची ती खूण आहे. खोकताना टॉवेलची गुंडाळी जखमेवर घट्ट दाबायची. काच धुरकट करण्यासाठी ‘हा’ करून सोडतो तसा जोरकस उच्छ्वास तीन-चारदा सोडला की कफ वर येतो. यातल्या कशालाही यंत्र लागत नाही. लागतो तो सिस्टरचा वेळ आणि रुग्णाचा भरवसा.

आता पुराव्याकडे वळू, कारण इथे उत्साहाच्या भरात बरेच काही खपवले जाते. आपल्याकडचा जवळपास प्रत्येक रुग्ण श्वास आत ओढण्याच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र घेऊन घरी येतो. पुष्कळ जण ते ओढण्याऐवजी फुंकतात, हा भाग निराळा. पण नीट वापरले तरी काय? इंग्लंडमध्ये छाती उघडून फुप्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्या १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या श्वसनव्यायामांपेक्षा या यंत्राने जास्त काही साधले नाही. न्यूझीलंडमध्ये तर याहून विचारात पाडणारा निष्कर्ष निघाला. लवकर उठवण्याची शिस्त आधीच पाळली जात असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या जादा श्वसनव्यायामांनी फुप्फुसाच्या गुंतागुंती आणखी कमी झाल्या नाहीत. खांद्याच्या व्यायामांनी मात्र खांद्याचे दुखणे आणि हालचाल निश्चित सुधारली. ४२२ रुग्णांच्या एका इंग्रज पाहणीत जे लवकर चालू लागले त्यांना गुंतागुंती कमी झाल्या. पण इथे शंका घ्यायलाच हवी. ते चालले म्हणून बरे राहिले, की मुळात बरे होते म्हणून चालू शकले? एकट्या निरीक्षणावरून याचा निकाल लागत नाही. म्हणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली ४४१ रुग्णांची चाचणी मला मोलाची वाटते. ती पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांची होती, पण त्या शस्त्रक्रियाही श्वास असाच आखडून टाकतात. दोन्ही गटांना शस्त्रक्रियेनंतर उठवण्यात आले. फरक एवढाच होता, की एका गटाला शस्त्रक्रियेआधी अर्धा तास फिजिओथेरपिस्टने समोर बसवून शिकवले. शुद्धीवर आल्यावर दीर्घ श्वास का घ्यायचे, कसे घ्यायचे आणि न घेतले तर काय होते, हे त्यांना समजावून दिले. फुप्फुसाच्या गुंतागुंती २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. सारा पुरावा एकत्र पाहिला तर दिशा स्पष्ट दिसते. उपकरणापेक्षा उठणे महत्त्वाचे, आणि उठण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते आधी समजणे.

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला घरोघरचा आहे : हालचाल केली तर टाके उसवतील. छातीचे मधले हाड कापले असेल तर ते पोलादी तारेने बांधलेले असते, आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात हे खरे. त्या काळात जड घागर उचलणे, एका हाताने जोर लावणे, दुचाकी चालवणे टाळलेच पाहिजे. पण यातून ‘हात वर करायचाच नाही’ असा नियम निघत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या चाचणीत एका गटाला नेहमीचे कडक निर्बंध घातले, तर दुसऱ्याला हात शरीराजवळ ठेवून, वेदनेचा अंदाज घेत रोजची कामे करू दिली. दोन्ही गट सारखेच बरे झाले. उलट खांदा महिनाभर हलवलाच नाही तर तो आखडतो. मग जखम भरते आणि हात मात्र फळीवरचा डबा काढण्याइतका वर जात नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा असतो, आणि तो वजनदार आहे. या शिफारशी बहुतांशी युरोपातल्या, लवकर निदान झालेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरून केलेल्या आहेत. आपल्याकडचा रुग्ण क्षयाने पोखरलेले फुप्फुस किंवा छातीत साठलेला पू घेऊन येतो. अशा छातीत सगळे एकमेकांना चिकटलेले असते, रक्तस्राव जास्त होतो आणि हवेची गळती आठवडाभरही थांबत नाही. तिथे ‘चौथ्या दिवशी घरी’ हे लक्ष्य कसे ठेवायचे? ठेवू नयेच. पण दिवसांचे लक्ष्य परके आहे म्हणून उपायही परके ठरत नाहीत. नळी दहा दिवस राहणार असेल, तर नळी घेऊन दहा दिवस चालण्याची गरज वाढते. रुग्ण कुपोषित असेल, तर शस्त्रक्रियेआधीचे चार आठवडे आणखी मोलाचे ठरतात. राहिला तंत्राचा प्रश्न. केपटाऊनला पहिले हृदयारोपण डिसेंबर १९६७ मध्ये झाले आणि अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून दाखवले. रुग्ण काही तासच जगला, पण तंत्र आत्मसात करण्यात आपण कमी पडलो नव्हतो. आधी पाणी देणे, वेळेवर उठवणे, वेळेवर नळी काढणे यांना तर तेवढेही तंत्र लागत नाही. ‘आपल्याकडे हे जमायचे नाही’ हे कारण इथे टिकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. लवकर बरे करण्याच्या नावाखाली रुग्णालये खाटा मोकळ्या करून घेतात आणि उरलेला भार घरच्यांवर ढकलतात, असा तो आहे. टाटा मेमोरियलमधून सोडलेला कोकणातला रुग्ण पुढच्या तपासणीपर्यंत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतो, नाहीतर एखाद्या नातेवाइकाच्या एका खोलीच्या घरात. बांबोळीहून सुटलेला आपल्या वाडीवर येतो. तिथे रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या असतात, न्हाणीघर मागच्या पडवीपलीकडे असते आणि पावसाळ्यात खळ्यात शेवाळ धरलेले असते. वॉर्डात सिस्टर उठवत होती, इथे कोणी उठवत नाही. तेव्हा आक्षेप खराच आहे. पण त्याचे उत्तर रुग्णाला आणखी आठ दिवस वॉर्डात झोपवून ठेवणे हे नव्हे. आपण मोजतो काय, ते बदलणे हे उत्तर आहे. इंग्लंडमधल्या ५०३ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीतून केलेली आणि छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. तिथे मुख्य माप रुग्णालयातल्या दिवसांचे नव्हते. पाच आठवड्यांनी रुग्ण हिंडणे-फिरणे, ओझे उचलणे, रोजची कामे किती करू शकतो, हे मुख्य माप होते. दुर्बिणीचा गट त्यात सरस ठरला, तोही रुग्णालयात एकच दिवस कमी राहून. दिवसांचा फरक एका दिवसाचा, पण जगण्यातला फरक पाच आठवड्यांनीही दिसणारा. मोजायचे ते हे.

मग आपल्या जिल्ह्यात हे व्हावे कसे? घरी जाऊन शास्त्रशुद्ध काळजी देण्याचा धडा महाराष्ट्राला बाहेरून आणायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई ठरावीक दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. छातीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण बाळंतिणींच्या मानाने फारच थोडे. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पहिल्या महिन्यात चार वेळा अशा घरी गेला किंवा निदान फोनवर बोलला, तर ते अशक्य नाही. आशाताईंवर हे काम टाकायचे असेल तर त्याचा मोबदलाही ठरवायला हवा, फुकटच्या सेवाभावावर योजना चालत नाहीत. त्या भेटीत पाहायचे ते थोडेच असते. ताप, धाप, जखमेतून पाणी, छातीच्या हाडात कटकट, एका पोटरीची सूज यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरकडे. नसेल, तर काल किती चालला, आज किती चालणार. पावसाळ्यात पडवीतल्या फेऱ्या, उघाड पडली की खळे, मग वाडीचा रस्ता, मग चढ. ताटाकडेही पाहायचे. आजाऱ्याला नुसती पेज आणि ओल्या मासळीचे पथ्य हा आपल्याकडचा रिवाज. पण जखम भरायला आणि झडलेले मांस परत यायला प्रथिने लागतात. पेज खुशाल द्यावी, पण सोबत बांगडा, अंडे, कुळथाची पिठी, डाळ हवी. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मासळी बंद करण्याला काही आधार नाही.

या साखळीचा पहिला दुवा शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे, आणि तो तर संपूर्ण आपल्या हातात आहे. तारीख मिळेपर्यंत रुग्ण गावातच असतो. त्या काळात तंबाखू सोडवणे, रक्त वाढवणे, रोज चालवणे आणि अर्धा तास बसवून श्वास व खोकला शिकवणे, हे सारे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. ज्या अर्ध्या तासाने फुप्फुसाच्या गुंतागुंती निम्म्याहून कमी केल्या, तो अर्धा तास मुंबईतच मिळायला हवा असे काही नाही.

याला पैसा कोण देणार, हा रास्त प्रश्न आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरलेले असते आणि ते रुग्णालयाला मिळते. पुनर्वसन हा त्या पॅकेजचा स्वतंत्र, मोबदला असलेला भाग झाला पाहिजे : शस्त्रक्रियेआधीची एक शिकवणी, डिस्चार्जच्या वेळी मराठीत लिहिलेले आठवडावार कार्ड आणि गावातल्या चार भेटी. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण ती वेगळी लिहिली नाही तर ते काम कोणाचेच राहत नाही. आणि योजनेच्या नोंदीत डिस्चार्जच्या तारखेपुढे आणखी एक रकाना हवा : सहा आठवड्यांनी रुग्ण एका दमात किती चालतो, जिना चढतो का, कामावर गेला का. हा रकाना भरणे सक्तीचे झाले की रुग्णालयाला रुग्ण घरी गेल्यावरही त्याची चौकशी करावी लागेल. घरच्यांनाही कळेल, की त्याला उठवणे ही निष्ठुरता नाही. ही मागणी करायला सर्जन असावे लागत नाही. ती ग्रामसभेच्या ठरावातूनही होऊ शकते आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढेही. तिथपर्यंत ती न्यावी, अशी विनंती करून मी थांबतो.